पांढऱ्या रेघा

बोल्ट दहा होते. रेघाही दहाच, पण त्यातल्या नऊच सरळ होत्या.

मैत्रीने टॉर्च जवळ धरून पुन्हा मोजलं. बोल्ट नव्वद न्यूटन-मीटर जोरापर्यंत कसला की ती पांढऱ्या मार्करने एक रेघ ओढायची, बोल्टच्या डोक्यावरून खाली इंजिनच्या धातूपर्यंत. सातव्यावर त्या रेघेचे दोन तुकडे झाले होते. वरचा तुकडा उजवीकडे सरकला होता, सुमारे वीस अंश.

कोणीतरी सातवा बोल्ट फिरवला होता.

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या घराच्या या गॅरेजमध्ये अकरा महिने ती एका जुन्या, दोन सीटांच्या माझदा गाडीत होंडाचं इंजिन बसवत होती. मागच्या आठवड्यात त्यावर टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, चढला. आता वरचं झाकण लावलं की उद्या, शनिवारी, ते पहिल्यांदा सुरू करायचं होतं. टर्बोचा दाब आला आणि या दहांतला एक बोल्ट जरी कमीजास्त कसलेला असला, तर इंजिन बिघडून अकरा महिने एका दुपारी वाया गेले असते.

घरात माणसं तीन. नवरा, प्रितम, पान्याला हात लावत नसे. उरले त्याचे बाबा. राजाराम तीन आठवड्यांपूर्वी नागपूरहून आले होते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची चौतीस वर्षं गेली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी बॉनेटखाली डोकावून विचारलं होतं, "एवढ्याशा गाडीला एवढं इंजिन काऊन?" कालपासून मात्र ते गाडीबद्दल एक शब्दही बोलले नव्हते. जेवतानाही नाही.

प्रितम कॉफीचा मग घेऊन दारात आला. तिने त्याला रेघ दाखवली.

"बाबांना सरळ विचार ना."

"तूच विचार. मी गॅरेजच्या दाराचा कोड चेंज करतेय."

"यार मैत्री, ते काय चोर आहेत का?"

"चोर परवडला. चोर घेऊन जातो, कसून ठेवत नाही."

प्रितम हसला नाही. तो बाजूला झाला, तेव्हा त्याच्या मागे राजाराम उभे दिसले. स्वेटरवर मुलाचं जाड जॅकेट, पायात मोजे.

"सातवा ना?" ते म्हणाले. "मीच कसला."

"का बाबा?"

"ढिला होता."

"नव्हता. माझ्या वहीत लिहिलंय. नव्वदवर कसला, मग रेघ मारली."

"कसला कोणी?"

"मी."

"आणि रेघ?"

"मीच."

"आमच्याकडे हे चालत नसे. कसणारा वेगळा, खडू मारणारा वेगळा. खडूवाला आधी स्वतः पाना लावून बघायचा. आपल्याच कामाला आपणच खडू मारला, की फोरमन सगळ्यांसमोर उद्धार करायचा."

"इथे दुसरं कोण आहे, बाबा?"

राजारामांनी हात जॅकेटला पुसले. हात स्वच्छच होते.

मैत्रीने ड्रॉवरमधून डिजिटल पाना काढला.

"मोजू या. बोल्ट जरासा हलला, की त्या क्षणाचा आकडा हा पाना धरतो. तो आधीच नव्वदवर होता आणि तुम्ही वर आणखी वीस अंश फिरवला असेल, तर एकशेवीसच्या पुढे जाईल."

"आणि ढिला असला तर?"

"तर तुमच्या कसण्यानंतर आता नव्वदच्या आसपास."

"लाव."

प्रितमने कॉफीचा मग कामाच्या टेबलावर ठेवला. मैत्रीने पाना सातव्यावर बसवला, दोन्ही पाय नीट रोवले आणि हळूहळू जोर दिला.

त्र्याण्णव.

तिने आकडा वहीत लिहिला. खाली वाकूनच विचारलं, "बाकीचे बघितले तुम्ही?"

"दहा, नऊ, आठ, सात. तेवढ्यात यानं चहाला हाक मारली."

"मग मला सांगितलं का नाही?"

"त्यावर तुझी खूण होती. तीन आठवड्यांचा पाहुणा मी. सुनेला तिच्या गॅरेजात उभा राहून काय सांगू, तुझी रेघ खोटी आहे म्हणून?"

"सांगायचं," ती म्हणाली आणि पाना सहाव्यावर नेला. "या इकडे. टॉर्च धरा."

राजाराम मोज्यांनीच थंडगार फरशीवर उतरले. प्रितम चपला आणायला वळला, पण ते थांबले नाहीत. त्यांनी टॉर्च घेतला आणि उजेड बरोबर तिच्या हातावर पाडला.

सहावा: एक्क्याण्णव. पाचवा: नव्वद.

चौथ्यावरची रेघ सरळ होती, अखंड. तिने पाना बसवला. बोल्ट हलला.

चौसष्ट.