गुडघ्याखालून दिलेली कॉफी

प्रेंगच्या थोरल्या नातीचा बाप्तिस्मा झाला, त्याच वर्षी शहराचा विकास आराखडा मंजूर झाला. नकाशावर नदीकाठची सगळी वस्ती हिरवी रंगवली होती. तिथं बाग व्हायची होती.

प्रेंग अल्बानियाच्या उत्तरेकडच्या डोंगरातून उतरून या काठावर आला होता. घर त्यानं आणि बायकोनं, द्रांदेनं, आपल्या हातांनी बांधलं. गच्चीवरच्या सळया मुद्दाम उभ्या ठेवल्या होत्या. इटलीला गेलेला मुलगा परतला की त्याचा मजला चढवायचा. नजर लागू नये म्हणून सळईला एक कापडी बाहुली टांगलेली.

मोजणीला आला तो एर्माल, शहरात वाढलेला तरुण इंजिनिअर. पाडायच्या घरांवर तो लाल फुल्या मारत होता. द्रांदेनं त्याला आत बोलावलं, चीज कापलं, घरची राकी दारू दिली, वर कॉफी. पोरगा संकोचला.

"तुमच्या भिंतीवर खूण नाही करत, बाबा," उठताना तो म्हणाला. "मी आहे तोवर या घराला कोणी हात लावणार नाही."

तो भिडेपोटी बोलून गेला. पण डोंगरातल्या माणसाच्या लेखी, खाल्ल्या घरी दिलेला शब्द म्हणजे बेसा. तो मोडला तर माणूस जिवंतपणी मेला.

शेजारी एकेक करून घर सोडायच्या कागदावर सह्या करून आले, पालिकेच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले.

"अहो, तुम्हीही सही करून टाका," द्रांदे म्हणाली. "त्या पोराला आपलं नाव तरी आठवतंय का?"

"त्यानं बेसा दिलाय. मी सही केली तर त्याला खोटा ठरवल्यासारखं होईल."

"आणि घर गेलं तर? तुमच्या बेशावर पत्रे घालून राहायचं का आपण?"

"गप बस गं!"

सह्यांची मुदत उलटली, फ्लॅटही गेला.

शरद ऋतूत बुलडोझर आला. मागून हेल्मेट घातलेला एर्माल.

"बाबा, तुम्ही अजून इथंच?" त्याचा चेहरा खरोखर पडला. "फ्लॅट नाही घेतला? अहो, मला मध्यंतरी दुसरीकडे टाकलं होतं. आता माझ्या हातात काही नाही."

सामान रस्त्यावर काढलं होतंच. प्रेंगनं पेटीवर स्टोव्ह पेटवला, कॉफी उकळली, कप भरला. मग डावा पाय उचलून कप गुडघ्याखालून एर्मालपुढे केला.

डोंगरात अशी कॉफी अब्रू गेलेल्या माणसाला देतात. ती हातात पडलेली माणसं गाव सोडून गेलेली आहेत. बुलडोझरचा ड्रायव्हर तिकडचाच होता. त्यानं इंजिन बंद केलं आणि मान खाली घातली.

"कंबर धरली का, बाबा?" एर्मालनं कप घेतला. "वाकू नका, बसा तुम्ही." त्यानं कॉफी पिऊन संपवली. "झकास झालीय हो. काकूंच्या हातच्यासारखी."

रिकामा कप त्यानं प्रेंगच्या हातात ठेवला आणि ड्रायव्हरला हाक मारली.

सळया शेवटी वाकल्या, बाहुलीसकट.

द्रांदेच्या भाच्यानं दोघांना आपल्या गॅरेजात जागा दिली. तिथं प्रेंग फारसं बोलत नसे. एकदाच म्हणाला, "त्याला कळलंसुद्धा नाही गं."

त्याच डिसेंबरात, सेंट निकोलसच्या सणादिवशी सकाळी, प्रेंग त्या गॅरेजात वारला. मुलगा मातीला पोचला नाही.