किनाऱ्यामागचे खड्डे

चमच्याची पाठ वाळूवर हलकेच दाबली की खड्डा उमटतो — फार दाबली तर विहीर, कमी दाबली तर नुसतीच खळी... संग्रहालयासाठी ती युद्धातल्या एका चढाईचा देखावा करत होती; या टेबलभर किनाऱ्यावर समुद्राचा रंग वाळला होता, सैनिकांच्या होड्या चिकटवून झाल्या होत्या. राहिले होते फक्त बॉम्बचे खड्डे, आणि ते कुठे पाडायचे हे माहीत असूनही तिचा हात पुढे जाईना.

बाहेरच्या खोलीत दोघे म्हातारे चहा पीत भांडत होते. अप्पा, म्हणजे तिचे वडील, त्या युद्धात याच किनाऱ्यासमोर जहाजावर तोफची. बाबा, तिचे सासरे, त्याच सकाळी वर बॉम्बफेकी विमानात. तिचं लग्न झालं ते दोन दलांमध्ये — आणि तह काही अजून झालेला नव्हता.

"आमचा गोळा चुकला तर किनाऱ्यावरचा माणूस रेडिओवरून सांगायचा, जरा डावीकडे. पुढचा बरोब्बर! तुमचं काय, एकदा आलात, टाकलंत, पसार."

"आणि टेकडीमागचं तुमच्या तोफेला दिसायचं वाटतं, व्याहीबुवा?"

"तुम्हाला ढगांतून फार दिसलं! शेतकऱ्याचे बटाटे तेवढे फुकटात खणून दिलेत!"

बाबा नेहमीसारखे हसले. तिला ते हसू माहीत होतं; ते हसताना त्यांचा हात उगाचच बशी पुसत राहतो. ढगांमुळे विमानांनी बॉम्ब सोडायला क्षणभर उशीर केला, ते मागच्या शेतांत पडले, किनाऱ्यावरच्या शत्रूच्या तोफा शाबूत राहिल्या — हे पुस्तकांत आहे, बाबांनी स्वतः कधी विषयच काढला नाही. दोन-चार खड्डे पुढे, किनाऱ्यावर सरकवले तर? कुणाच्या बापाचं काय जातं... एका बापाचं जातंच म्हणा. नाही, खोटं काम माझ्या हातून व्हायचं नाही; पण ज्यांनी मला लेकीसारखं जपलं त्यांना मी चारचौघांत उघडं पाडू?

दोघे आत आले. बाबा टेबलावर वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"अजून बाकी आहे, बाबा," ती घाईघाईने म्हणाली.

"आण इकडे, सूनबाई." चमचा घेऊन त्यांनी टेकडीपलीकडे, पार शेताच्या कुंपणाशी एक खड्डा पाडला. "इथे. तू माझ्यासाठी पुढे आणशील, ठाऊक आहे मला. खाली होड्यांत आपलीच माणसं होती, म्हणून बॉम्ब सोडायला मी जरा थांबलो. परतल्यावर फोटो पाहिले... किनाऱ्यावर एकही खड्डा नव्हता."

तिने अप्पांकडे पाहिलं — आता काही बोलू नका, एवढंच. अप्पा बोललेच.

"धुरात आम्हालाही आपलं-परकं कळत नव्हतं. तरी मारत होतो. तुम्ही थांबलात ते बरं केलंत."

"हे आत्ता सांगताय?"

"आधी सांगितलं असतं तर भांडलो कशावर असतो?"

दोघे खो-खो हसले, आणि खड्डा किती खोल हवा यावरून लगेच पुन्हा जुंपली. ती बाजूला उभी राहिली. आपण मध्ये आहोत म्हणून यांचं निभतंय, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं... आणि मध्ये तर तिला कुणी बोलावलंच नव्हतं! तिला हसू आवरेना, आनंद तर झालाच होता — आणि त्यातच कुठेतरी थोडा रागही, की मग मी एवढी वर्षं सांभाळत होते ते नक्की कुणाला...