शेवटच्या पानावर लग्न

मी एक इंग्रजी प्रेमकादंबरी. इंग्लंडात लिहिली गेले, पुण्यात झिजले आणि आता जर्मनीतल्या बॉन शहरातून बोलते आहे. माझं नाव सांगत नाही. सांगितलं तर लगेच म्हणाल, "अय्या, ही तर आम्हाला बी.ए.ला होती!" आणि माझं ऐकायचं सोडून स्वतःच्या कॉलेजच्या आठवणी सांगत बसाल. माणसांची ही खोड मला पाठ आहे.

माझ्यात काय आहे, ते थोडक्यात ऐका. एक श्रीमंत, घुमा जमीनदार असतो. तो आपल्या रानातून जाणारी पायवाट बंद करतो. गावातल्या शाळामास्तरांच्या मुलीला वाटतं, हा माणूस दुष्ट आहे. तो तिला मागणी घालतो, तेव्हा ती त्याला चांगली फटकारते. मग अर्धं पुस्तक उलटल्यावर कळतं, की त्या वाटेवरचा पूल कुजला होता आणि कुणी पडून मरू नये म्हणून त्यानं वाट बंद केली होती. मुलगी ओशाळते, रडते, शेवटच्या पानावर लग्न. लिहिणारी बाई तिथे हात झटकून मोकळी. पुढे त्या घुम्याशी रोज जेवताना काय बोलायचं, यावर माझ्यात एक ओळ नाही.

पण लोकांना ती ओळ नकोच असते. त्यांना पूल हवा असतो.

स्नेहलतानं मला पुण्यात कॉलेजात असताना विकत घेतलं. पुढे ती इंग्रजीची प्राध्यापक झाली आणि वर्षानुवर्षं मुलींना माझ्यावरून शिकवत राहिली, "पहिल्या भेटीत माणसाची पारख करू नका." नवरा, वासुदेवराव, टेलिकॉम कंपनीत. त्यांची बदली बॉनला झाली, तेव्हा तिनं नोकरी सोडली. बॅगेत जागा नव्हती म्हणून मी कुकरमध्ये बसून जर्मनीला आले. विचारलं कुणी मला? तिलाही कुणी विचारलं नव्हतं म्हणा.

तिची भाची ईश्वरी आखनच्या विद्यापीठात पीएच.डी. करते, जुन्या बॅटऱ्यांमधून धातू परत कसे मिळवायचे यावर. सुट्टीला मावशीकडे बॉनला येते. अशाच एका रविवारी मावशीनं तिला न सांगता दूरच्या एश्बॉर्न शहरात नोकरी करणाऱ्या वेदांगला कॉफीला बोलावलं. म्हणजे कांदेपोहेच, सोबत बेकरीतला सफरचंदाचा केक. कार्यक्रम तोच, बशी जर्मन.

वेदांग आला, बसला, गरम कप सरळ माझ्यावर ठेवला. तो डाग माझ्या मुखपृष्ठावर अजून आहे. मग पोह्यांचा एक घास घेऊन म्हणाला, "तेल जास्त झालंय."

मावशी हसली. "जर्मनीत राहून माणूस किती स्पष्टवक्ता होतो, नाही?"

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', असं जर्मनमध्ये म्हणून वेदांग ईश्वरीकडे वळला. "पीएच.डी. म्हणजे, आल्झो, थोडक्यात काय, नोकरी मिळेपर्यंतचा टाइमपास. मी एश्बॉर्नला मोठा फ्लॅट बघितलाय. तिथून आखनला ये-जा शक्य नाही. पीएच.डी. सोडावी लागेल तुला."

तो तिला विचारत नव्हता. दुधाचं पाकीट संपलंय, हे सांगावं तसं सांगत होता.

तो गेल्यावर ईश्वरी म्हणाली, "मावशी, हा माणूस उद्धट आहे."

"अगं, इथे बारा वर्षं राहिलाय. हे जर्मन वळण आहे, त्याला उद्धटपणा नाही म्हणत." आणि मावशीनं मला उचलून भाचीच्या हातात कोंबलं. "हे वाच आधी. मग पुढच्या रविवारी हो की नाही ते सांग. तुमच्या पिढीला घाई फार!"

घाई! कॉफी थंड व्हायच्या आत मुलीचा अख्खा जन्म ठरवायचा आणि वर तिलाच घाईबद्दल बोलायचं. माझ्या पानापानांना मुंग्या आल्या.

ईश्वरी परतीच्या गाडीत मला वाचू लागली. मुलगी हुशार, तरी वाचता वाचता तिचा चेहरा उतरत गेला. पुलाच्या प्रकरणाशी ती थांबली. तिच्या मनात काय आलं, मला कळलं. त्या पानावर सगळ्याच मुलींच्या मनात तेच येतं. माझंच चुकत असेल तर? त्याचंही काही कारण असेल तर?

मला ओरडावंसं वाटलं, की बाई, माझ्या नायकाला कारण होतं, कारण लिहिणारीनं ते आधीच रचून ठेवलं होतं. वेदांगसाठी पूल कोण रचणार? पण पुस्तकांना ओरडता येत नाही, आणि शहाण्या म्हाताऱ्यांना तेच सोयीचं पडतं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिनं सगळी हकिगत शेजारी काम करणाऱ्या बिर्गिटला सांगितली आणि विचारलं, "तुम्हा जर्मनांचं स्पष्ट बोलणं असंच असतं का?"

बिर्गिटनं हातमोजे काढले. "माझी आजी तुला तोंडावर सांगेल, की तुझे केस आज वाईट दिसतायत. ते स्पष्ट बोलणं. तुला न विचारता तुझं संशोधन बंद करणं, याला आम्ही उद्धटपणाच म्हणतो. आमचं नाव कशाला खराब करता?"

ईश्वरी हसली. तरी न्यायाला धरून तिनं वेदांगला फोन लावला. मी तिच्या पिशवीत होते, सगळं ऐकलं.

"वेदांग, मी कशावर काम करते, माहीत आहे तुला?"

"बॅटरी वगैरे ना? त्यानं काय फरक पडतो?"

"मला पडतो. माझा नकार आहे."

"बरं, मावशींशी बोलतो मी," तो म्हणाला आणि फोन ठेवला. नकार तिचा, आणि बोलणार हा मावशीशी!

रविवारी ईश्वरी बॉनला आली, तर मावशीचा चेहरा खुललेला. "कालच त्याच्या आईला सांगितलं मी, मुलगी थोडी लाजतेय, वेळ द्या. साखरपुडा दिवाळीत करू म्हणाल्या."

"मावशी, मी नाही म्हणालेय!"

"अगं वेडे, कादंबरीतली नायिकाही आधी नाहीच म्हणते!"

झालं. म्हणजे हो म्हटलं तर हो, आणि नाही म्हटलं तर माझं प्रकरण बारावं, नायिकेच्या नकाराचं. माझ्या जोरावर ह्या बाईनं भाचीच्या तोंडातला 'नाही' हा शब्दच काढून घेतला होता. इतकी लाज मला वाळवीनंही आणली नव्हती.

ईश्वरीनं मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. मग हळूच म्हणाली, "मावशी, तूही लग्नाला नाही म्हणाली होतीस ना? आई सांगत होती."

सोफ्यावरून वासुदेवकाकांनी मान न वळवताच उत्तर दिलं, "म्हणाली होती की! मग सगळ्यांनी समजावलं. स्नेहा, चहाचं काय झालं गं?"

"आणि पुढे?" ईश्वरीनं मावशीलाच विचारलं. "काकांचा पूल सापडला का तुला? इतकी वर्षं तेच प्रकरण वाचतेस."

मावशीनं काकांकडे पाहिलं. त्यांनी रिकामा कप जमिनीवर ठेवला होता, आणि तिला तो उचलता यावा म्हणून पाय तेवढे वर घेतले होते. तिनं तो कप उचलला नाही.

मग तिनं फोन उचलला. "नमस्कार, मी स्नेहलता. काल तुम्हाला म्हणाले, मुलगी लाजतेय. ते माझ्या मनचं होतं. तिचा नकार आहे. नाही हो, वेळ नको. नाही म्हणजे नाहीच."

हे बोलताना तिचा आवाज चढला होता. वर्गात शिकवताना मी तो इतकी वर्षं ऐकला, पण इतका खरा कधीच लागला नव्हता.

"चहा!" काकांनी पुन्हा आठवण केली.

"अहो, तुम्ही करा," मावशी म्हणाली.

काका उठले. साखर कुठे असते, ते त्यांना विचारावं लागलं.

आठवड्याभरानं मावशीनं मला कोपऱ्यावरच्या काचेच्या कपाटात आणून ठेवलं. हे रस्त्यावरचं कपाट. कुणीही पुस्तक ठेवावं, कुणीही न्यावं. माझी शिवण सुटली आहे, पानं पिवळी पडली आहेत, शेजारी वजन कमी करण्याचं एक पुस्तक आहे आणि त्याला स्वतःबद्दल फार अभिमान आहे. मला राग नाही. सोडून दिलं जाण्यापेक्षा भलत्या कामाला जुंपलं जाणं जास्त वाईट, हे मी शिकले.

तेव्हा बाबांनो, न्या मला. वाचा, रडा, हवं तर माझ्या नायकाच्या प्रेमात पडा. तो कागदाचा आहे, कुणाचं वाकडं करणार नाही. पण तुमच्या घरात एखादी मुलगी नाही म्हणाली, तर मला उघडायला धावू नका. तिचं ऐका.