उजवीतली हवा

शर्यतीत गाडी मुलगी चालवायची, पण मागच्या एअरबॅगांत हवा भरायचं काम बाबांचंच. अपघातात तोंडावर फुटते ती एअरबॅग नव्हे बरं. ही म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या पोटात बसवलेली जाड रबरी पिशवी. गाडी सुटताना इंजिनाच्या पिळाने उजवं मागचं चाक हलकं पडतं, जागच्या जागी गरगरतं आणि गाडी तिरपी पळते. म्हणून उजवीत हवा जास्त, डावीत कमी. आणि उजवी म्हणजे सीटवर बसलेल्याची, समोर उभं राहून बघणाऱ्याची नाही! हे बाबांनी लहानपणीच टपल्या मारमारून तिच्या डोक्यात बसवलं होतं.

पण हल्ली बाबांचं काही खरं नव्हतं. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या चाकाचे नट आवळायचेच राहिले. नशीब, चाक गॅरेजच्या फाटकातच निखळलं. तिचा मोठा भाऊ भडकला. "उद्या कुणाच्या जिवावर बेतलं म्हणजे? बास झालं, बाबांना घरी बसवू."

"घरी बसून काय करतील रे दादा? भिंती मोजतील?" तिला रडूच फुटलं. चाळीस वर्षं हातात पाना धरलेला माणूस तो! शेवटी दोघांत ठरलं: या शर्यतीला बाबांनी एकट्याने हवा भरायची, तिने मोजायची. बरोबर निघाली तर बाबा गॅरेजात राहतील.

शर्यतीच्या सकाळी बाबा शीळ घालत गाडीखालून बाहेर आले. "जा ठमे, उडव धुरळा!"

ते चहाला गेल्यावर तिने गेज लावलं. डावीत बावीस, उजवीत आठ. साफ उलटं. इकडेतिकडे बघत तिने डावीतली हवा सोडली, उजवीत भरली.

"काय गं?" दादाने लांबून विचारलं.

"अगदी बरोबर."

खोटं बोलताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही, याचंच तिला वाईट वाटलं.

गाडी नाकासमोर सरळ गेली, पहिली आली. बाबा टाळ्या पिटत नाचले. दादाने कान पकडले. "हरलो बुवा मी. सोमवारपासून येऊ देत त्यांना कामाला."

सोमवारी पहिल्याच आल्या त्या शेजारच्या शाळेतल्या बाई. त्यांच्या गाडीचे ब्रेक नीट लागत नव्हते. मागच्या सीटवर त्यांची दोन पोरं पेंगत होती. "मीच करतो," म्हणत बाबांनी बाह्या सरसावल्या. दादाने त्यांच्या हातात पाना दिला. बहिणीच्या शब्दावर त्याचा भरवसा होता. तिची नजर मात्र त्या पोरांवरून हलेना. धाकट्याच्या पायात एकच मोजा होता.

"बाबा, थांबा," ती म्हणाली. "त्या दिवशी हवा उलटी भरली होती. मी बदलली."

दादाने मान खाली घातली. बाबा आता खेकसणार, असं तिला वाटलं. खेकसले असते तर बरं झालं असतं. ते गाडीच्या मागे गेले, सीटवर बसतात तसं तोंड पुढे करून उभे राहिले आणि बराच वेळ स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत राहिले. मग पाना धरलेला हात त्यांनी वर केला.

"ठमे, हाच उजवा ना गं?"

तो डावा होता. तिने हळूच त्यातला पाना काढून घेतला.