वाघामायच्या वाटेवरचे एकवीस देव

विमलताई पाच मंगळवार बोलल्या होत्या. पिंपळशेंड्याहून निघायचं, अनवाणी आणि पाण्याचा थेंब न घेता, टेकडीपलीकडच्या जुन्या रानातल्या वाघामायपर्यंत चालत जायचं आणि ऊन डोक्यावर यायच्या आत तिला मलिद्याचा नैवेद्य दाखवायचा. नवस यजमानांचा खर्रा सुटावा म्हणून. विठ्ठलराव सकाळी सुपारी-तंबाखूचा पहिला खर्रा घोटून गालात ठेवत, तो गाल रात्री जेवतानाच काय तो रिकामा होई.

विठ्ठलरावांनी आयुष्यभर दिग्रसच्या बाजारात कापूस विकलेला, तेव्हा नवसातही त्यांनी घासाघीस केलीच. पाचही मंगळवार वेळेत पार पडले तर जन्मात खर्रा तोंडात घालणार नाही, म्हणाले. पण एक जरी चुकला तर मी मोकळा, मग देवीचं नाव काढायचं नाही. तोवर खर्रा बंद. विमलताईंनी लगेच हो म्हटलं. चार मंगळवार सुरळीत झाले. विठ्ठलराव बडीशेप चघळत दिवस काढत होते आणि बडीशेपेकडे वैऱ्यासारखे बघत होते.

पाचव्या मंगळवारी सकाळी ते अंगात सदरा घालून तयार. म्हणाले, आज मीही येतो. चार मंगळवार फाटकापर्यंतही न आलेला माणूस! विमलताईंना भरून आलं. देवीनंच बुद्धी दिली, असं त्यांच्या मनात आलं. मग विठ्ठलरावांचा चष्मा सापडेना. शोधता शोधता अर्धा तास गेला आणि अखेर तो त्यांच्याच खिशात निघाला.

वाट तशी सोपी, सव्वा तासाची. शाळेमागून शेतांमधली पांदण लागते. दोन्ही बाजूंना तूर पिवळ्या फुलांवर आलेली, मध्येच वेचणीला आलेला कापूस. पांदण संपली की बरड जमीन, मग पळसा-सागाची उतरती टेकाडं, एक नाला, आणि नाल्यापलीकडे जुनं रान. त्या रानातली काडी कुणी मोडत नाही. तिथल्या मोहाच्या झाडाला तिघांच्या हातांचा वेढाही पुरत नाही.

पांदणीच्या तोंडाशीच विमलताई थबकल्या. धुऱ्याच्या बांधावर एक दगड, शेंदरी, लखलखीत. मागल्या मंगळवारी तो तिथं नव्हता.

"अवो, हा देव कधी बसला?"

"देवाले कायले विचारते कधी बसला? बसला तो बसला," विठ्ठलराव म्हणाले आणि तुरीकडे पाहू लागले.

विमलताईंचा नेम आईपासूनचा. शेंदूर दिसला की ओलांडून जायचं नाही. चार थेंब पाणी, बोटभर कुंकू, पाच प्रदक्षिणा, मग पुढचं पाऊल. लग्नाच्या वरातीतही त्यांनी बैलगाडी थांबवून हा नेम पाळला होता, आणि ते विठ्ठलरावांना चांगलं ठाऊक होतं. तो देव आटोपून त्या शंभर पावलं गेल्या, तर विहिरीपाशी दुसरा. बोरीखाली तिसरा. चौथा आणि पाचवा तर शेजारी शेजारी, भाऊ भाऊ असल्यासारखे.

विठ्ठलराव इतक्या वर्षांत झाले नव्हते इतके मदतीला तत्पर झाले होते. लोट्यातलं पाणी संपायला आलं तर शेतातल्या मोटारीवरून भरून आणत. कुंकवाची डबी उघडून धरत. घाणेरीच्या झुडपामागे दडलेला सातवा देव तर विमलताईंना दिसलाच नव्हता; यांनीच मागून हाक मारली, "विमल, हा राह्यला ना मांगं." आणि मग मोबाईल काढून, फार वाईट वाटत असल्यासारखा चेहरा करून, वेळ सांगितली.

विमलताईंची सावली पायाशी गोळा होऊ लागली होती. घशाला कोरड पडली होती.

दहाव्या देवाला कुंकू लावलं तेव्हा बोटाला काहीतरी चिकटलं. त्यांनी बोट पाहिलं. शेंदूर कोरडा असतो, नाहीतर तेलकट. हा चिकट होता. पदरानं पुसलं तर पदराला लागला. नाकाशी नेलं आणि वास ओळखीचा निघाला: दिवाळीत फाटकाला रंग दिला होता, त्याचा. त्यांनी हळूच यजमानांकडे पाहिलं. विठ्ठलराव आभाळ बघत होते. पत्त्यात हुकुमाचा एक्का हाती आला की त्यांचा चेहरा असाच भोळा होई.

पाच प्रदक्षिणा विमलताईंनी शांतपणे पुऱ्या केल्या आणि तेवढ्यात विचारही केला. रंग असो की शेंदूर, दहांना हात जोडून झाले होते. जोडलेला हात परत घेता येत नाही. दहांना देव म्हणायचं आणि अकराव्याला दगड, हेही बरं नव्हे. पण पुढे किती बसवून ठेवलेत कोण जाणे, आणि ऊन तर कुणासाठी थांबत नाही.

"अवो," त्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, "बायकोच्या नवसात अर्धा वाटा नवऱ्याचा असते ना?"

"असतेच ना," विठ्ठलराव खुशीत म्हणाले.

"मंग माह्या वाट्याचे देव झाले. आता पुढचे तुमचे." त्यांनी लोटा आणि डबी त्यांच्या हातात दिली. "पाच-पाच प्रदक्षिणा. एक बी सोडू नका, नाहीतर नवस अर्धा राहीन. मी होते पुढं."

विठ्ठलरावांनी गुडघ्याचं दुखणं काढलं. विमलताई म्हणाल्या, हळू हळू घाला, तुमाले काय घाई हाय. हे देवच नाहीत असं म्हणावं, तर ते तुम्हांला कसं ठाऊक, हा प्रश्न समोर उभाच होता.

विमलताई निघाल्या. वाटेत शेंदरी दगड दिसत गेले; चालता चालताच त्या हात जोडत आणि सांगत, तुमचे पुजारी येऊन राह्यले मागून. सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. नाल्याचं पाणी घोट्याला लागलं तेव्हा तहान उसळली, पण त्यांनी ते फक्त डोळ्यांना लावलं. जुन्या रानात शिरल्या तेव्हा सावली अजून वीतभर बाकी होती. वाघामायपुढे मलिदा ठेवून त्यांनी डोळे मिटले.

डोळे उघडले तर मोहाखाली दोन शहरी पोरं उभी, हातात रंगाचा डबा. पियूष आणि अर्पिता, यवतमाळचे. रविवारी लोकांना शेतातून, टेकड्यांवरून, या रानापर्यंत पायी आणायचं म्हणून वाटेवर खुणा करत होते. विमलताईंच्या पदरावरचा रंग पाहून अर्पिताच्या लक्षात सगळं आलं आणि ती कानकोंडी झाली. म्हणाली, आम्ही सातच खुणा करणार होतो. पण काल गावातले एक काका म्हणाले, इथं माणूस चुकते, एकवीस तरी पाहिजेत. दगडही त्यांनीच निवडून दिले, आणि बाण मागच्या बाजूनं काढायला लावले.

"पुसून टाकतो आम्ही, काकू," पियूष म्हणाला.

विमलताई म्हणाल्या, राहू दे बाबा, हात जोडून झाले. मोहाच्या मुळावर बसून त्या वाट पाहू लागल्या. यजमान येईपर्यंत पाणी घ्यायचं नाही, असं त्यांनी आपलं आपणच ठरवलं.

बऱ्याच वेळानं विठ्ठलराव आले. टोपी हातात, एक पाय ओढत. पियूषनं "काका!" म्हणून हाक मारली तशी त्यांची मान खाली गेली.

"झाले सगळे?" विमलताईंनी विचारलं.

एक सुटला म्हटलं की नवस अर्धा, आणि ते मोकळे. पाहायला मागे कुणी नव्हतं. हे विमलताईंना वाटभर ठाऊक होतं, तरी त्या पुढे आल्या होत्या. विठ्ठलरावांनी रंगाच्या डब्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, मग बायकोच्या सुकलेल्या ओठांकडे.

"झाले," ते म्हणाले. "अकराच्या अकरा. एक तर पार काट्यात होता. मीच दाखवला होता त्याइले तो दगड."

त्यांनी मान वर केली तेव्हा कपाळावर ओल्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका होता. अर्पिता तोंड फिरवून हसली.

विमलताईंनी पाण्याचा पहिला घोट घेतला. मग मलिद्याचा लाडू करून यजमानांच्या हातावर ठेवला. विठ्ठलरावांनी तो तोंडात टाकला, दोनदा चावला आणि सवयीनं डाव्या गालात सरकवला.

"ठेवू नका," विमलताई म्हणाल्या. "गिळा."