चातुर्मासात सोडलेली गोळी

मालूच्या पत्राला मी उत्तर पाठवलं नाही, आणि घरातली जमीन खाली जाऊ लागली. रोज सकाळी पाय टेकवायला जावं, तर ती आणखी थोडी खाली गेलेली असे. छत मात्र जागचं हललं नाही.

पत्र छोटं होतं. 'दादा, उदासीची आणि मन स्थिर ठेवायची, दोन्ही गोळ्या रोज घेतोस ना? रक्त तपासलंस का? खरं लिही.' 'दोन्ही'खाली रेघ होती. माझी धाकटी बहीण रेघ मारत नाही. तिच्याआडून दुसरंच कुणी विचारत असावं. अर्थात माझ्या संशयावरही माझा फारसा विश्वास नाही.

हळूहळू वरच्या फळीवरची पुस्तकं कमरेशी आली. पंखा बंद करून मी त्याच्याखाली मान वाकवून वाचू लागलो.

शेजारच्या खांबेटेबाई ताक घेऊन आल्या. "अहो सबनीस, वर काय करताय?"

"मी जागेवरच आहे. घर खाली चाललंय."

"काही सोडलंत का?"

"चातुर्मास आहे ना. एक गोळी सोडली."

"लोक वांगं सोडतात हो! कुठली?"

"मन स्थिर ठेवायची. हात थरथरायचे, पुस्तक धरवत नसे. उदासीची चालू आहे. तिनं हलकं वाटतं."

"ते दिसतंयच. एक उचलते, एक धरून ठेवते, म्हणून तर दोन दिल्यात."

"मग घेतो आत्ताच."

"मनानं सोडलीत, आता मनानं सुरू नका करू." त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. "लगेच घेऊन या म्हणतात. बहिणीलाही कळवा."

"मला फोनवर बोलता येत नाही."

"मग लिहा!"

मी कार्डावर लिहिलं, 'एकच घेतोय. ये.' बाईंच्या हातात कपडे वाळत घालायची दोरी होती. ती त्यांनी येतानाच आणली होती. का, ते मी विचारलं नाही.

दोरी माझ्या घोट्याला बांधून त्या दवाखान्याकडे निघाल्या. मी वरून त्यांच्यामागे. कार्ड हातात विलक्षण जड लागत होतं. कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी त्यांनी मला खाली ओढलं.

"टाका."

"आधी दोरी नीट धरा."

"धरलीय हो."

मी कार्ड पेटीत सोडलं. ते तळाशी पडल्याचा आवाज फार खालून आला. बाईंच्या मुठीतून दोरी भराभर सरकत होती, आणि तिचं टोक आता मला दिसत होतं.