पुसायचा राहिलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुना तुकडा आहे. कसला ते सांगितलं तर तुम्ही नाक मुरडाल. हातावर नवा टॅटू काढला की त्यावर एक पातळ, पारदर्शक, चिकट फिल्म लावतात, तिचा हा तळहाताएवढा तुकडा. आमचं आयुष्य जेमतेम काही दिवसांचं. काम झालं की चुरगळून कचऱ्यात, आणि त्याबद्दल आमची काही तक्रार नसते. मी मात्र कितीतरी वर्षं एका स्वयंपाकघराच्या भिंतीवर, पांढऱ्या टाइलला चिकटून बसलो आहे. माझ्या पोटात एक शब्द आहे. ज्या मुलीनं तो लिहिला तिला मी कधी पाहिलेलंसुद्धा नाही. तिची वाट मात्र मीही बघतो.

माझा जन्म कारखान्यातला. तिथून गुंडाळीत बसून मी एका लहानशा दुकानात आलो. दुकान होतं टॅटू काढणाऱ्या एका बाईंचं. बाई कमी बोलायच्या, हात मात्र साबणानं पुन्हा पुन्हा धुवायच्या. मला कापताना त्यांनी माझे चारही कोपरे गोल केले, कारण टोकदार कोपरा बाहीत अडकतो आणि तिथूनच फिल्म सुटायला लागते. मला त्याचा फार अभिमान वाटला. आता आपण कुठूनच सुटणार नाही, अशी माझी समजूत झाली.

त्या दिवशी खुर्चीवर एक मुलगी बसली होती. घरी तिला धाकटी म्हणत. ती मोठ्या लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीवर काम करायची. मनगटाच्या जरा वर तिला एकच शब्द हवा होता, 'आलेच'. सुई चालू असताना तिनं बाईंना सगळं सांगितलं आणि मी ते बाजूच्या टेबलावरून ऐकलं.

तिच्या घरी स्वयंपाकघरात दाराजवळ एक काळा फळा होता. घराबाहेर जाताना कुठं चाललो ते खडूनं लिहायचं, आणि परत आल्यावर ज्यानं लिहिलं त्यानंच पुसायचं, असा त्या घरचा नियम. दुसऱ्यानं पुसलं की भांडण ठरलेलं. एका संध्याकाळी थोरली बहीण 'आलेच' एवढंच लिहून खाली उतरली आणि परत आलीच नाही. शोधायचं तिथं शोधून झालं, विचारायचं त्यांना विचारून झालं. ती कुठं गेली, आहे की नाही, काहीच कळलं नाही. शब्द तेवढा राहिला. तो पुसायचा कुणी? जिचा होता ती नव्हती. मग त्या फळ्यावर कुणी काही लिहिनासं झालं. आणि आईनं घराबाहेर पाऊल टाकणं सोडलं. पोरगी आली आणि घरात कुणीच नसलं तर, ही तिची भीती.

स्वयंपाकघरातल्या वाफेनं खडू फिका पडायला लागला तेव्हा आईला एक युक्ती सुचली. उरलेल्या भाजीच्या वाटीवर ताणतात तसला प्लास्टिकचा पातळ कागद तिनं फळ्यावर घट्ट ताणून बसवला. पुष्कळ महिन्यांनी तो मळला म्हणून बदलायला काढला, तर सगळा खडू कागदाला चिकटून निघून आला. फळ्यावर उरली नुसती अंधुक खूण, तीही तिरप्या उजेडातच दिसायची. फोटो कुणी काढलेला नव्हता. स्वतःच्या घरातल्या फळ्याचा फोटो कोण काढून ठेवतं? मग धाकटीनं त्या खुणेवर पातळ कागद धरून हलक्या हातानं अक्षर उतरवलं आणि ते घेऊन ती दुकानात आली. बाईंनी तो शब्द तिच्या कातडीत जसाच्या तसा बसवला, अगदी 'ल'ची ओढलेली शेपटीसुद्धा. मग हात धुऊन, पुसून, त्यावर मला लावलं.

"खाली काळपट पाणी साठेल, घाबरू नकोस," बाई म्हणाल्या. "पण कडा सुटून पाणी बाहेर आलं, तर लगेच काढून टाकायची. वरून ठिगळ लावायचं नाही. वाफेपासून जरा लांब राहा."

धाकटी दुसऱ्याच दिवशी इस्त्रीपुढं उभी. रजा कोण देतं?

घरी आईनं मला पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. पुन्हा तसलाच कागद, पुन्हा त्याच शब्दावर. ती माझ्याकडे अशी बघायची की मला चोरासारखं वाटायचं. पण संध्याकाळ झाली की धाकटीचा हात मांडीवर घेऊन ती माझ्यावर बोट ठेवायची. शब्दाखाली धाकटीची नाडी चालायची, तिचे ठोके माझ्यातून आईच्या बोटाला लागायचे. आई अगदी हळू विचारायची, "कुठवर आलीस गं?" हा प्रश्न थोरलीला असायचा. खरं सांगतो मित्रांनो, मला भीती वाटायची. खालून ठोके आणि वरून ते बोट, आणि मधे मी एकटा. जिन्यात पाऊल वाजलं की दोघी एकदम दाराकडे बघायच्या. पाऊल वरच्या मजल्यावर निघून जायचं.

वाफेनं आपलं काम केलं. माझा एक गोल कोपरा सुटला आणि काळं पाणी धाकटीच्या मनगटावर ओघळलं. आईनं ते पाहिलं. शब्द वाहून चालला, अशीच तिची खात्री झाली. तिनं खोकी बंद करायची खाकी चिकटपट्टी आणली आणि माझ्या चारही कडांवरून दाबून बसवली. "काढायचं नाही," ती म्हणाली. "मागच्या वेळी मी काढला आणि सगळं गेलं. हा असू दे असाच." धाकटीला बाईंचं बोलणं आठवत होतं. पण आईपुढं तिचं तोंड उघडेना.

मग वाईट दिवस आले. साठलेलं पाणी आंबलं. हात गरम लागायला लागला, कडेनं लाल झाला, रात्रंदिवस ठणकायचा. मी ज्याचं रक्षण करायचं तेच माझ्याखाली नासत होतं आणि मला सुटताही येत नव्हतं. अक्षरं पाण्यात फुगून आकार सोडतायत असं दिसायला लागलं. मला वाटलं, आईला वाटतं तेच खरं असावं, शब्द खाणाऱ्या कागदांपैकीच आपण.

शेवटी कामावरून येताना धाकटी दुकानात गेली. बाईंनी हात पाहिला मात्र, त्यांचा आवाज चढला. "आत्ताच्या आत्ता काढायला हवं. असाच राहिला तर शब्दही जाईल आणि हातालाही धोका आहे."

"आईच्या डोळ्यांदेखत काढा," धाकटी म्हणाली. "नाहीतर ती मला कधीच माफ करणार नाही. पण ती घर सोडत नाही."

बाईंनी पिशवी उचलली आणि तिच्याबरोबर निघाल्या.

स्वयंपाकघरात आईनं आधी दोघींना साफ नकार दिला. बाई तिच्याशी भांडल्या नाहीत. "मावशी, हात धरून बघा किती तापलाय," एवढंच म्हणाल्या. आईनं हात धरला. रोज ती शब्दाला बोट लावत होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिचं लक्ष हाताकडे गेलं. ती खाली मान घालून म्हणाली, "काढा. पण मी हात सोडणार नाही."

कोमट पाण्याची धार धरून बाईंनी मला कातडीलगत ताणत हळूहळू सोडवलं. मी पुरता निघालो आणि आईनं माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर तो उमटला होता, शेपटीसकट, काळाभोर. "गेलं," ती पुटपुटली. "पुन्हा तेच झालं."

बाईंनी बोटांनी साबणाचा फेस फिरवला, पाणी ओतलं, हात स्वच्छ कागदानं टिपला. हातावर 'आलेच' होतं. कडेनं लाल, पण अक्षर न् अक्षर जागेवर. "ही वरची जास्तीची शाई, मावशी. शब्द आत गेलाय. आता हा उघडाच राहू द्या, आणि आजच डॉक्टरांना दाखवा." आई तिथंच खाली बसली आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं रडली.

मला टाकायला मात्र तिनं दिलं नाही. वाळवून फळ्याशेजारच्या टाइलवर चिकटवलं आणि कडांना तीच खाकी पट्टी लावली.

औषधानं हात बरा झाला. धाकटी आखूड बाहीचे कपडे घालून कामावर जायला लागली. तो शब्द रोज घराबाहेर जायचा आणि रोज संध्याकाळी घरी परत यायचा. आई दारात उभी राहून ते बघायची. असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी तिनं चप्पल शोधून काढली, खडू घेतला, आणि त्या अंधुक खुणेच्या खाली लिहिलं, 'भाजी आणायला जाते. आलेच.'

दार ओढल्याचा आवाज आला. घरात मी एकटा. मी मेलेली वस्तू आहे, तरी त्या दुपारी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आईच्या आधी धाकटी आली. तिनं फळा वाचला. खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून ती जमिनीवर बसली आणि दुसऱ्या हातानं आपलं मनगट घट्ट धरलं. जिन्यात पाऊल वाजलं, वर निघून गेलं. आणखी एक वाजलं, तेही गेलं.

तिसरं दारापाशी थांबलं.

"अशी काय बसलीस?" आई म्हणाली. हातात भाजीची पिशवी होती. "पुसलं नाहीस ना?"

"तुझं आहे," धाकटी म्हणाली. "तूच पुस."

आईनं ओल्या तळव्यानं आपल्या ओळी पुसल्या. वरच्या खुणेला हात लावला नाही.

मित्रांनो, जखम झाकावी, पण वेळेवर उघडावीही. आणि कुठं 'आलेच' म्हणून निघाला असाल, तर जा, तुमची ओळ तुम्हीच पुसा. तुमच्या घरच्यांना ती पुसता येत नाही. माझी शाई आता फिकट झाली आहे, पट्टीही वाळली आहे. तरी जिन्यात पाऊल वाजलं की मी टाइल घट्ट धरून बसतो. माझ्यावरचा शब्द पुसायला जिनं तो लिहिला तीच यायची आहे.